वास नसलेलं तेल

सोमवारी सकाळी उमाशंकरला स्वतःच्या सायकलीला हात लावायची परवानगी नसायची. आधी आप्पांची आंघोळ, मग लिंगपूजा, कपाळाला भस्म, अर्धा कप चहा, आणि त्यानंतर सायकलीची चेन. कॉलेजला उशीर झाला तर झाला, पण या क्रमात कुणी घाई केलेली आप्पांना खपायची नाही. ते ओसरीवर पाट टाकून बसायचे. उमाशंकर सायकल उलटी करून त्यांच्यापुढे ठेवायचा आणि पायडल हाताने फिरवत राहायचा. मग आप्पांच्या हातातल्या पितळी कुपीच्या चोचीतून करडीचं तेल चेनवर सुटायचं. थेंबाथेंबाने नाही, चांगलं धारेने. तेल घालताना हात आखडता घेणारा माणूस आप्पांच्या, म्हणजे मलप्पा तेल्याच्या, हिशेबी माणसांत जमा नव्हता.

लातूरला गंजगोलाईच्या बाजारामागे त्यांचा घाणा होता. त्या घरात बाळंतिणीपासून दाराच्या बिजागरीपर्यंत सगळ्यांना एकच औषध होतं, करडीचं तेल. यंत्राचं काळं तेल म्हणजे त्यांच्या लेखी भुईतली घाण, ती उंबऱ्याच्या आत यायची नाही. पुढे पिशवीतलं तेल आलं, गिऱ्हाईक तिकडे वळलं आणि घाणा बसत आला; उमाशंकरचा चुलतभाऊ घरापुरतं तेल तेवढं काढत राहिला. उमाशंकरची आई गेली. मग आप्पा एक ट्रंक आणि ती कुपी घेऊन नांदेडला पोराकडे राहायला आले. चौफाळ्यातल्या दोन खोल्यांच्या घरात त्यांना करायला काही नव्हतं. मोतीबिंदू काढूनही डोळ्यांनी पोथी दिसत नव्हती, रस्त्यावर ऑटोवाले जाऊ देत नव्हते, आणि भाजी निवडायला घेतली की सून गोड बोलून ताट काढून घ्यायची. राहता राहिली सायकल. मंगळवारपासूनच ते विचारायला लागायचे, आज वार कोणता म्हणून.

"हळू फिरव, उमा. तेलाला आत जाऊ दे," आप्पा म्हणायचे. मग बोटं धोतराला पुसत, "झालं. आता बघ कशी पळती."

ती पळत नव्हती, हेच तर रडगाणं होतं. उमाशंकर विष्णुपुरीच्या एका कॉलेजात वर्कशॉपचा सहायक होता. चौफाळ्यातून निघायचं, गोदावरीचा पूल ओलांडायचा, लातूर रस्त्याला लागायचं आणि दिवसभर लेथ मशिनीपाशी उभं राहून संध्याकाळी तसंच परत यायचं. उभी नोकरी त्याने याच सायकलीवर काढली होती आणि कधी तक्रार केली नव्हती. पण गेल्या दोन पावसाळ्यांत काहीतरी बिघडलं. पुलाच्या चढाला त्याच्या पोटऱ्यांत गोळे यायला लागले. कॉलेजच्या फाटकाशी उतरला की शिपाई आधी त्याला पाणी विचारायचा आणि मग नमस्कार करायचा. घरी आल्यावर तो भिंतीला टेकून बसायचा, आणि रत्नम्माने ताट वाढलं तरी उठणं त्याच्या जिवावर यायचं.

रक्त तपासून झालं. साखर बरी, थायरॉईड बरं, छातीचा आलेखही बरा. डॉक्टरने वयाकडे बोट दाखवलं. वयाचं एक बरं असतं, त्याच्यावर काहीही ढकललं तरी ते उलटून बोलत नाही. उमाशंकरनेही मान डोलावली. थकलो, संपलं, असं म्हणून घेण्यात एक प्रकारचा आराम असतो, आणि तो आराम त्याने घ्यायला सुरुवात केली होती.

"सिटीबसनं जात जा," रत्नम्मा म्हणायची. "न्हाईतर स्कूटी घ्या. सगळे घेऊन राहिलेत."

"अन आप्पा?"

यावर रत्नम्मा भांडी आवरायला घ्यायची. सायकल गेली तर सोमवार गेला, आणि सोमवार गेला तर त्या म्हाताऱ्याकडे काय उरणार होतं ते तिलाही दिसत होतं. म्हणून तो रोज सकाळी दात आवळून पायडल मारत राहिला. बापाला एक काम राहावं म्हणून पोरगा झिजत होता, आणि बाप समजत होता की पोराची गाडी आपल्यामुळे चालली आहे.

मग एका संध्याकाळी पुलाच्या अलीकडे चेन अडकली. पुढे जाईना, मागे येईना. उमाशंकरने जोर लावला, तशी दातेरी चाकावरून निसटून ती लोंबायला लागली. अंगात त्राण नव्हतं. सायकल ढकलत तो वजिराबादच्या एका दुकानापर्यंत आला. दुकान नरसिंगचं. हा देगलूरकडचा माणूस. महागड्या गियरच्या सायकली विकायचा आणि बोलायला लागला की अर्धा वेळ तेलुगूत स्वतःशीच बोलायचा. असल्या जुन्या काळ्या सायकलीकडे तो एरवी बघायचाही नाही, पण त्या दिवशी गिऱ्हाईक नव्हतं.

त्याने चेन काढून कागदावर ठेवली. ती सरळ पडेना. वाळलेल्या दोरीसारखी जिथे वाकली होती तिथेच वाकून राहिली. नरसिंगने पेचकसाने एक कडी खरवडली.

"काका, हे काय घालून राहिले तुमी? गोंद?"

पेचकसाच्या टोकाला तपकिरी पिवळा, चिवट थर आला होता. उमाशंकरने तो बोटावर घेतला आणि त्याला नरसिंगच्या उत्तराची गरज राहिली नाही. घाण्यावरच्या डब्यांच्या काठाला अशीच खपली धरायची. लहानपणी तो आणि चुलतभाऊ ती नखाने सोलत बसायचे. रंगारी लोक करडीचं तेल मुद्दाम उकळून न्यायचे, कारण ते वाळतं आणि त्याचं वार्निशसारखं रोगण होतं. हे त्याच्या घरात शेंबड्या पोराला ठाऊक होतं. आप्पांना ठाऊक होतं, त्यालाही होतं, आणि तरी बापलेकांनी वर्षानुवर्षं सायकलीला दर सोमवारी रोगण चढवलं होतं. करडीचं तेल वाईट करेल हा विचारच त्या घराण्यात कुणाच्या डोक्यात शिरला नसता.

आधी ते निभावलं, कारण चेनवर कव्हर होतं आणि दिवाळीला तो ती रॉकेलमध्ये धुवायचा. कव्हर गळून पडलं. रेशनचं रॉकेल बंद झालं. आणि म्हातारपणी आप्पांचा हात आणखी सैल झाला, धार आणखी जाड झाली.

उमाशंकर दुकानातल्या स्टुलावर बसून राहिला. त्याला हसू यायला हवं होतं. आपण म्हातारे झालो नाही, आपली चेन चिकटली आहे, ही काही दुःखाची बातमी नव्हती. पण त्याच्या डोळ्यांपुढे कुपी धरलेला तो थरथरता हात होता, आणि त्या हाताला जाऊन हे कसं सांगायचं, इथे घोडं पेंड खात होतं.

"नवी चेन टाकतो," नरसिंग म्हणाला. "पण पुन्हा खायचं तेल घालू नका. हे घ्या, चेनचं वेगळं तेल असतंय."

त्याने काचेच्या कपाटातून बाटल्या काढून मांडल्या. एक कोरड्या जातीची. लावली की पाण्यासारखी आत शिरायची, मग उडून जायची आणि मागे मेणासारखा पातळ थर राहायचा. धुळीच्या रस्त्याला हीच, असं नरसिंगने बजावून सांगितलं. दुसरी ओल्या जातीची, दाट. पावसात धुऊन जात नाही, पण धूळ ओढते. तिसरी फवाऱ्याची, ती त्याने स्वतःच बाजूला सारली. त्याने गंज सुटतो, चेनचं पोट भरत नाही, म्हणाला. लातूर रस्ता म्हटल्यावर कोरडी, यात त्याला विचार करण्यासारखं काही दिसत नव्हतं.

उमाशंकरने कोरड्या बाटलीचं बूच काढून नाकाला लावलं. रॉकेलसारखा भपकारा आला. त्याने बूच लावलं आणि दुसरी उघडली.

"काका, अत्तर न्हाई ते," नरसिंग म्हणाला.

"हिला वास न्हाई."

"वासाचं काय घेऊन बसलाव? तुमच्या रस्त्याला ही चालत न्हाई."

"मला वास नसलेलंच पाहिजे."

नरसिंगला काय कळणार. गंजगोलाईतले व्यापारी आप्पांकडे वाटीत तेल घेऊन यायचे ते त्याने पाहिलं नव्हतं. आप्पा वाटी नाकापाशी नेऊन डोळे मिटायचे आणि सांगायचे, ह्याच्यात सरकी मारलीय. किंवा, करडी खरी आहे पण मागच्या सालची. त्यावर वाद मिटायचे. त्या नाकापुढे कुपीत दुसरं तेल भरून ठेवायचं म्हणजे धाडसच होतं. पण खरं सांगणं त्याहून अवघड होतं. तुमच्या तेलानं माझा जीव घेतला, हे पंचाऐंशीच्या बापाला कोणत्या तोंडाने म्हणायचं? दाट तेलाची बाटली त्यातल्या त्यात बरी होती. रंगही पिवळसर होता. त्याने तीच घेतली.

कुपीतलं उरलेलं करडीचं तेल त्याने देवाजवळच्या दिव्यात ओतलं, कुपी पुसली आणि नवं तेल भरलं. मग ती होती तशी जागेवर ठेवली.

सोमवार आला. आप्पा पाटावर बसले. उमाशंकर पायडल फिरवत होता, पण त्याचं सगळं लक्ष आप्पांच्या चेहऱ्याकडे होतं. धार सुटली. आप्पांनी नेहमीसारखं अंगठा आणि बोटामध्ये तेल चोळलं, नाकाशी नेलं.

"झालं," आप्पा म्हणाले. "आता बघ कशी पळती."

गल्लीचं वळण ओलांडल्यावर त्याने सायकल थांबवली आणि फडक्याने जादा तेल पुसून काढलं. मग टांग मारली, आणि खरंच सांगायचं तर त्याला भीती वाटली, इतकी ती सायकल आपोआप गेली. पुलाचा चढ आला आणि संपला. लातूर रस्त्यावर तो एकटाच हसत होता. एवढे दिवस मेल्यागत जगलो ते कशासाठी, असं त्याला वाटलं, आणि मग सुटलो असंही वाटलं. बापाचं काम राहिलं, आपले पाय राहिले. वास नसलेल्या तेलाने घराची अब्रू राखली होती. त्या रात्री तो दोन भाकरी जास्त जेवला.

हे सुख फार टिकलं नाही. रस्त्याचं काम निघालं होतं. खोदलेली काळी माती, वरून मुरूम, त्यावरून दिवसभर टिप्पर. दाट तेल ती सगळी धूळ ओढून घ्यायचं. आठवडाभरात चेनवर काळा चिखल साचायचा, कड्या करकरायच्या, आणि पोटऱ्या पुन्हा बोलायला लागायच्या. तो दर एक दिवसाआड फडकं घेऊन बसायला लागला. नखं काळी ती काळीच. नरसिंगकडे गेला तेव्हा त्याने चेन पाहून फक्त कोरड्या बाटलीकडे बोट दाखवलं. उमाशंकर तसाच परत आला.

घरी रत्नम्मा भाकरी थापत होती. तो तिच्याजवळ, आप्पांना ऐकू जाणार नाही अशा बेताने, भिंतीला टेकून बसला. मनातलं सगळं सांगून टाकलं. रोगण, कुपी, दोन बाटल्या, सगळं. इतके दिवस एकट्याने वाहून त्याला कंटाळा आला होता.

"मग ती दुसरी आणा की," ती म्हणाली.

"तिला रॉकेलसारखा वास येतो. आप्पा एका क्षणात वळखतील."

रत्नम्माने भाकरी तव्यावर टाकली, पाणी फिरवलं.

"न्हाई वळखत," ती म्हणाली. "मामांना वास येत न्हाई."

"काय बोलून राहिलीस?"

"संक्रांतीच्या आदी दूध लागलं बघा. पातेलं काळं झालं, घरभर धूर. मी नळावर होते. मामा हितंच, तुमी बसलाव तिथं बसले होते. मी पळत आले तर मला म्हनतात, काय झालं गं." तिने भाकरी उलटली. "लातूरचा डबा येनं कधीच बंद झालं. तुमच्या भावानं मशिनी इकल्या. उरलेलं तेल मी त्यांच्या दिव्याला अन सायकलीला ठेवलं. भाजी सोयाबीनच्या तेलात करून राहिले कधीची. मामा रोज म्हनतात, करडीची चव न्यारी."

उमाशंकर भिंतीपासून सरळ झाला.

"मला सांगितलं न्हाईस."

"तुमाला तरी कुठं कळलं?" ती रागाने बोलली नाही. ती थकली होती, बस. "तुमी पन घाण्यावरचेच की. खाली मान घालून जेवता अन झोपता. मी म्हनलं, जाऊ दे. कशाला दोघांच्या जिवाला घोर."

त्याला ते पटलं नाही. पटवून घ्यायचंच नव्हतं. दूध लागल्याचं आप्पांच्या ध्यानात आलं नसेल, डोळा लागला असेल. भाजीचं म्हणशील तर मसाल्यात तेल कुणाला कळतं. पण चेनचं तेल ते दर सोमवारी नाकाशी नेऊन बघतात. त्या दाट तेलाला वासच नव्हता, म्हणून फसले. वास असता तर फसले नसते. रात्रभर तो या मुद्द्यावर अडून बसला, आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळी जाऊन कोरडी बाटली घेऊन आला. नरसिंग म्हणाला, आता कसं डोकं ठिकाणावर आलं. उमाशंकरने पैसे मोजून दिले. तेल रस्त्यासाठी घेतो आहे, असं त्याने स्वतःला सांगितलं, आणि ते खोटं आहे हेही त्याला माहीत होतं.

सोमवारी पहाटे त्याने कुपी धुऊन पुसून त्यात नवं तेल भरलं, तेव्हाच त्या भपकाऱ्याने त्याचं नाक झोंबलं. आप्पा आंघोळ करून आले. लिंगपूजा झाली. भस्म झालं, चहा झाला. ते पाटावर बसले आणि त्यांनी हात पुढे केला. उमाशंकरने कुपी त्यांच्या हातात दिली आणि पायडल धरलं.

धार सुटली तशी रॉकेलची वाफ ओसरीभर पसरली. दारात उभ्या असलेल्या रत्नम्माने नाकाला पदर लावला. शेजारच्या खिडकीतून कुणीतरी खोकललं. उमाशंकर वाट बघत होता. आप्पांनी आता कुपी फेकून द्यावी, भस्म लावलेल्या कपाळाला आठ्या पाडाव्यात, बापाला फसवतोस म्हणून चारचौघांत कान उपटावा. आयुष्यात त्याने बापाच्या शिव्यांची इतकी आस कधी धरली नव्हती. खरं सगळं सांगायला, पाय धरायला तो तयार होता. फक्त एकदा त्यांनी ओळखावं.

आप्पांनी अंगठा आणि बोटामध्ये तेल चोळलं. नाकाशी नेलं. डोळे मिटून लांब श्वास घेतला, गोलाईतल्या व्यापाऱ्यांपुढे घ्यायचे तसा. उमाशंकरचा हात पायडलवर थांबला.

"थांबलास कायला?" आप्पा म्हणाले. "फिरव."

तो फिरवायला लागला.

"करडी अशी पाहिजे," आप्पा म्हणाले. त्यांच्या चेहऱ्यावर समाधान होतं. "सगळी ओसरी भरली बघ वासानं. येतोय का तुला?"

रत्नम्मा दारातून आत निघून गेली.

"येतोय, आप्पा," उमाशंकर म्हणाला.